तुर्कमेनिस्तानचं कार्ड

तुर्कमेनिस्तानहून आलेल्या पोस्टकार्डाचं तिकीट मी गरम पाण्यात भिजवून सोडवलं. तिकिटं जमवणाऱ्याला तिकीटच हवं असणार, हे मी परस्पर ठरवून टाकलं होतं.

जमवणारे म्हणजे चामराजपेटेत पुस्तकांची बांधणी करणारे एक गृहस्थ. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. कन्नड मुलखात राहूनही त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मराठी, त्यामुळे गप्पा जमत. त्यांच्या अल्बममधलं एक पान कित्येक वर्षं कोरं होतं. वर पेन्सिलीनं नुसतं देशाचं नाव. तिकडे कोणी जातच नाही. माझा सहकारी कामासाठी गेला, आणि मी भाव खात त्याच्याकडून कार्ड मागवून द्यायचं कबूल केलं.

त्यांनी आधी हात धुऊन कोरडे केले, मग चिमट्यानं तिकीट उचललं. टपालाचा शिक्का अर्धा तिकिटावर, अर्धा वाकड्या झालेल्या कार्डावर. ते दोन्ही जुळवत बसले. शाई पसरली होती, जुळेना.

"पण तिकीट स्वच्छ निघालंय ना?" मी विचारलं.

"तिकीट विकतही मिळतं, अण्णा. मला टपालानं आलेलं अख्खं कार्ड हवं होतं. इतके देश ओलांडून ते धड आलं, तुमच्या घरी स्वल्प थांबलं आणि मेलं!"