चौथा तास

बाजारातल्या जवळजवळ प्रत्येक दुकानातली दराची पाटी आकडेमास्तरच्या हातची. शाळेत गणितात दोनदा नापास झालेला हा माणूस आकडे मात्र असे काढायचा, की महागाईसुद्धा देखणी दिसावी. म्हणून लोकांनी त्याला मास्तर करून टाकलं.

सरकारनं धंद्यांवर नवा कर बसवला, तेव्हा रेडिओवर कुणी बडा माणूस म्हणाला, याची झळ गिऱ्हाइकाला लागणार नाही. दुसऱ्याच दिवशी मास्तरला पाच दुकानांतून बोलावणं आलं. काम सगळीकडे एकच : जुना आकडा खरवडायचा, नवा काढायचा.

"आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला," न्हावी म्हणाला. "कर माझ्यावर लावला, पण वस्तरा कुणाच्या गळ्यावर फिरतो?"

मास्तर हसला. हाताला काम होतं, हसायला काय जातंय! पण तिसऱ्या पाटीवर त्याचा ब्रश थांबला. न्हाव्यानं वाढवले, लॉन्ड्रीवाल्यानं वाढवले, चष्मेवाल्यानं वाढवले. मग डायलिसिस केंद्र कसं मागे राहील?

त्याच्या बायकोची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, केंद्रातलं यंत्र तिचं रक्त साफ करायचं. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. यांचे पाय केव्हाच पोटाशी आले होते. दर वाढला तर तीनपैकी एक खेप बंद करावी लागणार. आणि डॉक्टरनं बजावलं होतं, "यात काटकसर नको. अंगातलं पाणी फुप्फुसात चढलं, की श्वास मिळणार नाही."

त्या दिवसापासून फोन वाजला की मास्तर आधी नंबर केंद्राचा तर नाही ना, ते बघायचा. नवव्या दिवशी केंद्राच्या मॅनेजरबाईंचाच फोन आला, "मास्तर, पाटी बदलायचीय."

बायको आत यंत्राला जोडलेली आणि हा बाहेर स्टुलावर. बाकांवर बसलेल्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. बाईंनी दिलेल्या कागदाची वरची ओळ त्यानं दोनदा वाचली. दर तोच होता. तोच!

"वाढला नाही!" तो जवळजवळ ओरडलाच. बाकावरच्या एका म्हातारीनं दोन्ही हात जोडले.

मग त्यानं खालची ओळ वाचली. 'वेळ : तीन तास.'

तो स्टुलावरून उतरला. "बाई, इथं चार हवेत ना?"

"तीनच." बाईंनी आवाज खाली आणला. "दर वाढवला तर माणसं पलीकडच्या केंद्रात जातील. कर तर भरायचाच आहे. तीन तास केले, की एका यंत्रावर दिवसाला तिघांऐवजी चौघं बसतात. मालकांनी ठरवलंय, मास्तर. मी कोण सांगणार त्यांना?"

"आणि पलीकडचे?"

"त्यांची पाटीही तुम्हालाच काढायचीय. परवा सांगावा येईल."

नाही म्हणावं, असं त्याच्या अगदी ओठावर आलं. पण याच दाराशी बायकोला आठवड्यातून तीनदा आणायचं होतं. त्यानं पातं घेतलं, चार खरवडला आणि तीन काढला. एवढा वाकडा आकडा त्यानं आयुष्यात काढला नव्हता.

बायको भिंतीला धरत बाहेर आली. पाटीसमोर उभी राहिली, वरची ओळ वाचली, खालची वाचली.

"बघा, उगीच घाबरत होतात," ती म्हणाली. "दर आहे तोच आहे. आणि मी तासभर लवकर घरी येईन. बरंच झालं की!"

तिनं त्याचा हात धरला. तिचा तळवा गार पडला होता आणि तिनं हात इतका घट्ट आवळला, की त्याची बोटं दुखली. डॉक्टर बोलला तेव्हा तीही तिथंच बसली होती.