रुखमाबाईंच्या कॉम्प्युटरचा पत्ता

रुखमाबाई गजभिये उमरेडच्या एका शाळेत शिपाई होत्या. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी ग्रंथालयाचा कोर्स केला आणि निवृत्त झाल्या तशा नागपुरातल्या हुडकेश्वरच्या अभ्यासिकेत ग्रंथपाल म्हणून बसल्या.

पुस्तकांची यादी त्यांच्या टेबलावरच्या लिनक्स कॉम्प्युटरमध्ये होती. बाजूच्या तीन कॉम्प्युटरवर त्याचा पत्ता, म्हणजे आकड्यांचा एक नंबर, टाकला की यादी उघडायची. पण लाईट जाऊन आली की राउटर त्याला बरेचदा नवाच पत्ता द्यायचा. रुखमाबाई तो कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात लिहायच्या आणि सगळ्यांना सांगत फिरायच्या.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले कृष्णकांत रोज पेपर वाचायला यायचे. एका दुपारी ते म्हणाले, "बाई, हे काय करून राहिल्या तुम्ही? लोकांचे फोन नंबर असे रोज बदलले असते, तर त्यांनी आमाले ऑफिसात बसू दिलं नसतं."

"मंग काय करू, भाऊ?"

"पक्का करून टाकू न नंबर."

दोघं खुर्च्या ओढून बसले. सेटिंगमध्ये नेटवर्क उघडलं, 'ऑटोमॅटिक'वरची खूण काढून 'मॅन्युअल'वर दिली. आता नंबर कोणता द्यायचा? रुखमाबाईंनी कॅलेंडरची पानं चाळली. "राउटरनं दिलेल्या पत्त्यातला शेवटचा आकडा कधीच शंभराच्या खाली नाही. आपण पन्नास घेऊ. दुसऱ्या कोणाले जाणार नाही." कृष्णकांतांनी राउटरच्या सेटिंगमध्ये पाहिलं. वाटप खरंच शंभरपासून होतं.

बाकीचे आकडे तेच ठेवून शेवटी पन्नास टाकला. तिन्ही कॉम्प्युटरवर यादी उघडली. कृष्णकांतांनी चहा सांगितला.

तेवढ्यात परीक्षेचं प्रवेशपत्र छापायला अभ्यासिकेतली अबोली आली. प्रिंटर रुखमाबाईंच्याच कॉम्प्युटरला होता. "मॅडम, इंटरनेट काहून नाही?"

पोरीची परीक्षा दुसऱ्याच दिवशी होती.

"जाऊ द्या, परत ऑटोमॅटिक करू," कृष्णकांत म्हणाले.

"थांबा न भाऊ." त्यांनी तीच चौकट पुन्हा उघडली. खाली दोन रकाने रिकामे होते. "हे गेटवे काय असते?"

"बाहेर जायचा दरवाजा समजा."

"मंग बाहेर तर आपण राउटरमधूनच जातो." त्यांनी तिथे राउटरचा पत्ता टाकला. दुसरा रकाना डीएनएसचा होता, वेबसाइटच्या नावावरून तिचा नंबर शोधणारा. ते कामही राउटरच करतो, म्हणून तिथेही तोच टाकला, नेटवर्क बंद करून चालू केलं. प्रिंटर कुरकुरला आणि प्रवेशपत्र बाहेर आलं. अबोली ते छातीशी धरून धावतच गेली.

त्यानंतर लाईट कितीदा तरी गेली. पत्ता हलला नाही.

महिनाभरानं लकडगंजच्या एका वाचनालयातून फोन आला. तिथेही हाच ताप होता. रविवारी रुखमाबाई एकट्याच गेल्या आणि अर्ध्या तासात काम आटोपलं. तिथल्या लोकांनी आग्रहानं तर्री-पोहे, म्हणजे चण्याचा रस्सा घातलेले पोहे, खाऊ घातले.

घरी आल्यावर सुनेनं विचारलं, "झालं काम?"

"झालं. आन् तर्री लय झणझणीत होती वं," म्हणत त्यांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.