पान न गाळणाऱ्या कुमुदताई

कुमुदताई सबनीस यांची आणि माझी ओळख झाली ती त्या माझ्यावर रागावल्या म्हणून. मुलुंडला नवीन लग्न होऊन आले होते. दुपारी घरातलं आवरलं की वाचनालयात जायचं, एवढीच माझी चैन. एकदा आदल्या दिवशी नेलेला कवितासंग्रह परत करत होते. मागे उभ्या असलेल्या उंच, सडपातळ बाईंनी माझ्या खांद्यावरून पुस्तकाकडे पाहिलं आणि विचारलं,

"एका दिवसात वाचून झालं?"

"हो," मी जरा मिरवतच म्हटलं.

"कवीला लिहायला किती वर्षं लागली असतील, काही अंदाज? घेऊन जा परत."

आणि मी, एरवी कुणाचं ऐकून न घेणारी, तो संग्रह मुकाट्याने घरी नेला. काउंटरवरच्या गृहस्थांनी नंतर सांगितलं, "त्या शाळेत गणित शिकवतात. त्यांच्याशी वाद घालायचा नसतो." हा सल्ला मी आजवर अनेकदा मोडला आणि प्रत्येक वेळी हरले.

कुमुदताईंच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या अध्यापनाबद्दल त्यांचे विद्यार्थी आणि सहकारी लिहितीलच. मी लिहिणार आहे ते त्यांच्या शनिवारांबद्दल. त्यांच्या इमारतीच्या गच्चीवर एक खोली आहे. तिथे दर शनिवारी दुपारी आम्ही सात-आठ बायका जमतो आणि एक कवितासंग्रह वाचतो. कुणी बँकेत, कुणी टेलिफोन खात्यात, कुणी माझ्यासारखी घरात. वाचन बहुतेक वेळा ताईच करतात. नियम एकच. संग्रह पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, आहे त्या क्रमाने वाचायचा, एकही कविता गाळायची नाही. आवडलेल्या चार कविता वेचून वाचणं त्यांना मुळीच मंजूर नाही. "गणितात मधली पायरी गाळली की मी मार्क कापते," असं त्या म्हणतात. संग्रह संपेपर्यंत मत द्यायचीही बंदी. आमच्यातल्या काहीजणींना हे फार जड जातं.

त्यातल्या सुलभाताई तर शाळेपासून कविता चालीवर म्हणत आलेल्या. मुक्तछंदातली कविता हातात आली तरी दुसऱ्या ओळीला त्यांचा सूर लागायचाच. सगळ्याजणी पदरात तोंड लपवून हसायच्या. कुमुदताई मात्र कधी हसल्या नाहीत. त्यांनी एवढंच म्हटलं, "सुलभा, कवितेतली ही बाई तुझ्याशी बोलतेय. तूही तिच्याशी बोल." त्या दिवशी सुलभाताईंनी साध्या आवाजात कविता वाचली आणि मधेच थांबून चष्मा पुसला. चाल होती तोवर कवितेला जवळ येऊ देण्याची त्यांना गरजच पडत नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

पुढे मीही लिहू लागले आणि माझा स्वतःचा संग्रह निघाला. कुमुदताईंनी तो वाचून मला सांगितलं, "मधल्या काही कविता नुसती पानं भरायला आल्यात." मी दोन दिवस धुसफुसत होते. पण खरं संकट वेगळ्याच दिशेने आलं.

त्या संग्रहात 'किल्ली' नावाची एक कविता आहे. तिच्या काही ओळी अशा:

गुळाचा खडा मागितला तर
आधी किल्ली हसते,
मग ती,
मग कुलूप.

आमच्या सासूबाई मूळच्या मालवणकडच्या. कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला असते. त्यांना वाचनाची सवय नाही. शेजारच्या वहिनींनी एका दुपारी ही एकच कविता त्यांना वाचून दाखवली आणि वर म्हणाल्या, "आजी, तुम्हाला छापलंय बघा सुनेने."

त्या दिवसापासून सासूबाईंनी माझ्या हातचा चहा घेणं बंद केलं. बोलणं बंद. जेवायला वाढून घ्यायच्या आणि माझ्याकडे पाठ करून बसायच्या. घर दोन खोल्यांचं, त्यात पाठ करून बसायचं तर दुसऱ्याचा श्वासही ऐकू येतो. माझे यजमान विक्रोळीच्या कारखान्यातून थकून येत. ते स्वभावाने गरीब. एका रात्री जेवताना हळूच म्हणाले, "झालं ना एक पुस्तक? आता राहू दे ना. आईचं वय बघ." ते रागावले असते तर मी भांडले असते. पण त्यांचा चेहरा इतका दमलेला होता की मी "बरं" म्हणून गेले. आणि ते "बरं" मी मनापासून म्हटलं होतं. घर की कविता असा प्रश्न आला की आमच्यासारख्या बायका काय उत्तर देतात, हे सांगायला नकोच.

मी आता लिहिणार नाही, हे सांगायला कुमुदताईंकडे गेले. मला वाटलं होतं त्या समजूत घालतील किंवा रागावतील. त्यांनी फक्त विचारलं,

"त्यांनी पुस्तक ऐकलंय?"

"एक कविता ऐकली."

"एकच? मधूनच काढून?" त्यांच्या चेहऱ्यावर मला त्या वेळी जी चीड दिसली, ती माझ्यावर झालेल्या अन्यायाची नव्हती. ती सासूबाईंवर झालेल्या अन्यायाची होती. "हे फार वाईट झालं गं. या शनिवारी आपण तुझ्याकडे बसू."

शनिवारी सगळ्याजणी आमच्याकडे हजर. पाहुणे दारात आले म्हटल्यावर सासूबाईंना उठून जाता येईना. त्यांनी स्वतः चहा केला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी सुपात लसूण घेऊन सोलत बसल्या, तोंड भिंतीकडे. मी कुमुदताईंना बाहेरच्या पॅसेजमध्ये गाठलं आणि अक्षरशः हात जोडले. "ताई, तेवढी एक गाळा. बाकी सगळं वाचा."

"गाळली तर त्यांना कळणार नाही असं वाटतं तुला?" त्या म्हणाल्या. "त्या तिचीच वाट बघत बसल्यात." आणि आत गेल्या.

वाचन सुरू झालं. पहिल्या पानावर माझ्या वडिलांवरची कविता. मग दोन-तीन अशाच. मासळीबाजारावरची कविता आली तेव्हा भिंतीकडून आवाज आला, "खरा सांगल्यान." कुमुदताई थांबल्या नाहीत. त्यांचा आवाज अगदी सपाट असतो. कुठे रडवायचं नाही, कुठे हसवायचं नाही, शब्द नीट समोर ठेवायचे, बस. त्याच आवाजात त्यांनी पान उलटलं आणि 'किल्ली' वाचली. सगळ्याजणी खाली बघत होत्या. कविता संपली तेव्हा सूप हलायचं थांबलं होतं.

"परत वाच गो ता," सासूबाई म्हणाल्या.

कुमुदताईंनी परत वाचली, पहिल्यासारखीच.

सासूबाई वळल्या. माझ्याकडे बघून नव्हे, कुमुदताईंकडे बघून म्हणाल्या, "ही तर माझी सासू."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"थोरलो पोटात होतो. गुळाचो खडो मागलंय. दिल्यान नाय. हसली." मग पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हिका कोणी सांगल्यान? मी तर कोणाक सांगूक नाय. थोरल्याच्या बापाशीक पण नाय."

खरं सांगायचं तर ती किल्ली आमच्याच घरातली होती. ते सांगायला मी तोंड उघडलं होतं. त्याआधीच कुमुदताईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं, पान उलटलं आणि पुढची कविता सुरू केली. शिकवण नाही, समेट नाही, कुणाच्या पाठीवर हात नाही. दुसरी कुणी असती तर तिथे चार वाक्यं बोलली असती आणि सगळं नासवलं असतं. त्या दिवशी त्यांनी माझा संग्रह शेवटच्या पानापर्यंत वाचला, पानं भरायला घातलेल्या कवितांसकट.

संध्याकाळी सगळ्या गेल्यावर आतून हाक आली, "चाय टाक गो." मी चहा टाकला. आम्ही दोघी समोरासमोर बसून तो प्यालो. किल्ली कमरेलाच राहिली, अजून आहे. तेवढ्याने स्वभाव बदलत नाहीत. पण यजमान घरी आले तेव्हा त्यांच्या आईने त्यांना दारातच सांगितलं, "हिना आमका लिवलाहा. तू मधी पडा नको."

कुमुदताई जाताना जिन्यात थांबून मला म्हणाल्या होत्या, "कविता बरी आहे. शेवटची ओळ काढायला हवी होती." त्यांचं बरोबर होतं. दुसऱ्या आवृत्तीचा योग आला तर काढीन.

तेव्हापासून सासूबाई दर शनिवारी गच्चीवरच्या खोलीत येतात. जिने चढताना दोनदा बसतात, पण येतात. कवितेत एखादी गोष्ट खोटी वाटली तर संग्रह संपायची वाट न बघता सांगून टाकतात. सगळ्यांना लागू असलेला नियम फक्त त्यांना लागू नाही. आम्ही तक्रार केली तर कुमुदताई म्हणतात, "त्यांची गोष्ट वेगळी. त्या ऐकायला येतात, तुम्ही बोलायला येता."

माझा दुसरा संग्रह आता छापायला गेला आहे. या ग्रंथासाठी लेख मागितला गेला तेव्हा मी सासूबाईंना विचारलं, तुमच्या वतीने कुमुदताईंना काय शुभेच्छा लिहू? त्या ताईंपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या. दीर्घायुष्य, उत्तम आरोग्य, असं काहीतरी त्या सांगतील या अपेक्षेने मी पेन उघडून बसले होते. त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते, कारण माझी आणि आम्हा सगळ्या शनिवारवाल्यांची मागणीही तीच आहे:

"तिका सांग, मी काय इतक्यात जावचंय नाय. तेव्हा तिनाय जाव नये. हिचा दुसरा पुस्तक येताहा. ता माका कोण वाचून दाखवतलो?"