जीवीबेननंतरचा प्याला

मंडळी, आपली फिरती वही आज मीच मागून आणली. लिहिल्याशिवाय चैन पडेना.

सकाळी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं. आपल्याकडे द्राक्षारसाचा सगळ्यांना मिळून एकच प्याला. आज माझ्या आधी पाणीगेट भागातल्या जीवीबेन होत्या. महाराजांच्या सरकारी दवाखान्यात त्यांना क्षय सांगितलाय, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

माझी सोनू अजून अंगावर पिते. प्याल्यातून ते दुखणं तिच्यापर्यंत जाईल असं वाटलं. पदर सावरायचं निमित्त करून मी उठले आणि रांगेत त्यांच्या आधीच्या जागी जाऊन गुडघे टेकले.

जीवीबेनच्या लक्षात आलं. त्या उठून रांगेच्या अगदी शेवटी गेल्या.

बाहेर मी नजर चुकवत होते, तर त्याच लांबून म्हणाल्या, "माफ कर हं, बेन. मी दर वखते छेल्लीच, सगळ्यांच्या शेवटी बसते. आज चष्मा नव्हता, चुकून मध्ये बसले."

माफी त्यांनी मागितली! आजचा उपदेश आपापला वधस्तंभ उचलण्यावर होता, आणि मी माझाही त्यांच्याच खांद्यावर टाकून आले.

बाप्तिस्मा घेतला तेव्हा सख्ख्या काकूने माझ्या हातचं पाणी बंद केलं होतं. तेव्हा याच एका प्याल्याने मला घर दिलं. पण सोनूचं काय?

पुढच्या वेळी मी कुठे बसू, त्यांच्या आधी की नंतर? खरं काय ते खाली लिहा. फक्त एवढं ध्यानात ठेवा, ही वही जीवीबेनकडेही जाते. सून त्यांना अक्षर न् अक्षर वाचून दाखवते.