उलटा छापा

आमच्या गावात माझ्याविषयी एक गोष्ट सांगतात. झेंडावंदनाला कुणी पाहुणा आला की मला पुढच्या खुर्चीवर बसवतात आणि कुणीतरी उत्साही माणूस उठून ती गोष्ट रंगवून सांगतो. मी मान खाली घालून ऐकतो. लोकांना वाटतं, म्हातारा विनयशील आहे. खरं तर म्हातारा घाबरलेला असतो.

मी जन्माचा भित्रा. लहानपणी भरतीच्या पाण्याला भ्यायचो आणि ओहोटीच्या चिखलाला त्याहून जास्त, कारण चिखल पाय धरून ठेवतो. मास्तरांना भ्यायचो, बांधावरच्या सापाला भ्यायचो आणि साप नसलेल्या दोरीलाही. उरणजवळच्या मिठागरांत राबणारी आमची माणसं. ऊन, खारं पाणी आणि मालकाच्या शिव्या यांच्याशी त्यांचा रोजचा घरोबा. त्यात माझ्यासारखा निपजणं ही घरच्यांची फसगतच होती. वडील मी लहान असतानाच गेले. आईनं डोक्यावरून मिठाच्या टोपल्या वाहून मला मराठी चार इयत्ता शिकवलं. पुढे ती म्हणायची, तुझ्याच्यानं टोपली उचलवणार नाही हे मी तुझ्या पायांकडं बघून ओळखलं होतं.

त्या चार इयत्तांच्या जोरावर मला मिठाच्या खात्यात शिपायाची जागा मिळाली. खाकी कोट, कमरेला पट्टा, पट्ट्यावर पितळी बिल्ला. आमच्या घरात सरकारकडून तोवर फक्त दमदाटी आली होती. आई दर रविवारी तो बिल्ला चिंचेच्या कोळानं घासायची, आणि शेजारीण बघायला आली की पुन्हा एकदा घासायची. मी भित्रा आहे हे गाव हळूहळू विसरलं. मी मात्र विसरलो नाही. उलट जुन्या भीतींत एक नवी भर पडली, ती म्हणजे बिल्ला जाण्याची.

आता माझं काम काय होतं ते सांगायला हवं, कारण घोडं तिथंच पेंड खातं. मीठ पिकलं की बायामाणसं ते ओढून बांधावर त्याची रास करत. वजन होऊन सरकारचा कर वसूल होईपर्यंत त्या राशीतला खडासुद्धा कुणी हलवायचा नाही, असा कायदा. पण उघड्यावरच्या राशीला कुलूप कुठं लावणार? त्यावर सरकारनं छाप्याची तोड काढली होती. छापा म्हणजे हातभर लांब सागवानी फळी. तिच्या पाठीला मूठ आणि तोंडावर कोरलेली सरकारची अक्षरं. संध्याकाळी ओलसर राशीवर ती फळी दाबत दाबत मी चारी बाजूंनी फिरायचो आणि मिठाच्या अंगावर अक्षरं उठायची. कुणी मूठभर मीठ काढलं की अक्षर ढासळायचं आणि चोरी उघडी पडायची. फळीच्या वरच्या कडेला तांब्याचा एक खिळा ठोकलेला होता. खिळा वर ठेवून दाबायचं, बस्स, एवढंच ध्यानात ठेवायचं.

काम तसं बिनडोक होतं, पण मी ते मनापासून करायचो. माझ्या राशीवरची अक्षरं एका ओळीत असायची. आमचे इन्स्पेक्टर साहेब दुसऱ्या शिपायांना माझ्या राशी दाखवायचे आणि म्हणायचे, ‘याच्याकडून शिका.’ एवढ्या वाक्यावर माझे आठ दिवस सुखात जायचे.

मग तीस सालचा उन्हाळा आला. गुजरातच्या किनाऱ्यावर मूठभर मीठ उचललं गेलं आणि ती बातमी मुंबईच्या लाँचबरोबर उरणच्या मोरा बंदरावर उतरली. आमच्या लोकांनी जन्मभर मिठात पाय घालून काढला होता, पण मिठासाठी सबंध देश उभा राहील असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. देवळापुढं सभा होऊ लागल्या. ज्या पायांच्या भेगा बघून उरणच्या बाजारात लोक नाक मुरडायचे, त्याच पायांनी आमची माणसं छाती काढून चालू लागली. मला ते बघून बरं वाटायचं. आतून काहीतरी उचंबळून यायचं. पण लगेच कमरेचा पट्टा आठवायचा आणि मी सभेच्या कडेकडेनं घरी सटकायचो.

इन्स्पेक्टर साहेबांनी आम्हां शिपायांना रांगेत उभं केलं. ‘ज्याच्या राशीचा छापा मोडेल त्यानं मोडणाऱ्यांची नावं द्यायची. नावं दिली नाहीत, तर चोर तोच.’ त्याच आठवड्यात देवळापुढं ठरलं, की जो नाव देईल त्याच्या घरी कुणी विस्तव द्यायचा नाही, पाणी द्यायचं नाही आणि त्याच्या घरच्या मढ्याला खांदाही द्यायचा नाही. मी अजून कुणाचं नाव दिलं नव्हतं, तरी न्हाव्यानं मला दारातूनच परत पाठवलं. ‘सरकारनं पट्टा दिला, न्हावी न्हाय दिला?’ म्हणाला. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते मी आयुष्यभर ऐकत आलो होतो. त्या उन्हाळ्यात मी दोन्हीत वाकून बघत होतो.

एका रविवारी माझ्या लक्षात आलं, की आईनं बिल्ला घासलेला नाही. पुढच्या रविवारीही नाही. पितळ काळपट पडत चाललं. मी तिला कारण विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं उत्तर दिलं असतं, आणि मला ते नको होतं.

त्या दिवशी टळटळीत दुपार होती. मिठागरातली माणसं जेवायला गेली होती आणि राशींवर मी एकटा होतो. बांधावरून बाया येताना दिसल्या. एकामागून एक, काष्टे खोचलेल्या, डोक्यावर टोपली नाही. घोषणा नाहीत, गाणी नाहीत. मी मोजल्या तेव्हा नऊ होत्या आणि तिसरी माझी आई होती.

माझ्या गळ्यात शिट्टी होती. असं काही झालं तर ती वाजवायची, म्हणजे नाक्यावरचे पोलीस येतात, असा हुकूम होता. मी शिट्टी तोंडात धरली. ती वाजली नाही, कारण माझ्या छातीत फुंकण्याइतकी हवाच नव्हती. तोंडात शिट्टी धरून मी तसाच उभा राहिलो. पहिलीनं राशीत हात घातला, दुसरीनं घातला. आई पुढे आली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. आदल्या संध्याकाळी मी उठवलेल्या अक्षरांत तिनं सरळ हात खुपसला, मूठ भरली आणि ती पदराला न बांधता तशीच धरून चालू लागली. सगळ्या बाया उरणच्या रस्त्याला लागल्या. माझं धोतर ओलं झालं होतं. घामानं झालं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

बाया दिसेनाशा झाल्यावर मी भानावर आलो. राशीला नऊ खळगे पडले होते आणि अक्षरं ढासळली होती. नावं द्यायची तर तिसरं नाव कोणतं सांगू? नाही द्यायची तर चोर मी. माझ्या भित्र्या डोक्यानं तिसरी वाट काढली, की काही झालंच नाही. मी हातांनीच मीठ वर ओढलं, खळगे बुजवले, शेजारच्या कोंडीत साठवलेलं खारं पाणी शिंपडून रास ओली केली आणि छापा घेतला. पुन्हा पुन्हा मागे बघत होतो. माणसं जेवून परत यायच्या आत उरकायचं होतं. हात इतके थरथरत होते, की फळी दोनदा खाली पडली. कसाबसा राशीला फेरा पूर्ण केला आणि दूर चिंचेखाली जाऊन बसलो. त्या दिवशी मी पुन्हा त्या राशीकडे बघितलं नाही. नजर गेली तरी लोकांना कळेल, असं वाटत होतं.

दिवस कलताना कळलं, की बायांनी ते मीठ उरणच्या बाजारात उघड विकायला काढलं आणि पोलिसांनी सगळ्यांना धरलं. आईनं आपलं नाव, नवऱ्याचं नाव, गाव, सारं न विचारता सांगितलं. मीठ कुठून घेतलं तेवढं मात्र नऊजणींपैकी एकीनंही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आले. राशीपुढे थांबले. आगरातली माणसं कामं सोडून बघू लागली. साहेबांनी मला जवळ बोलावलं.

‘हे काय आहे?’

‘छापा आहे साहेब.’

‘वाच.’

मी बघितलं. राशीभोवती सगळीकडे सरकारची अक्षरं डोकं खाली, पाय वर करून उभी होती. मी खिळा खाली धरून छापे मारले होते. एक नाही, दोन नाही, राशीचा सबंध फेरा.

साहेबांचा चेहरा लाल झाला. ‘चार वर्षांत तुझी एक ओळ वाकडी गेली नाही. आणि आता सरकारचं नाव उलटं टांगतोस? कुणी शिकवलं तुला हे?’

मला सांगायचं होतं, साहेब, चुकून झालं. पण चुकून म्हटलं तर आदल्या सकाळी सरळ असलेला छापा दुपारी पुन्हा का मारला ते सांगावं लागलं असतं, आणि ते सांगितलं तर रास कुणी फोडली तेही. आईवर चोरीचं दुसरं कलम लागलं असतं. तिला वाचवायला मी गप्प बसलो, असं आज म्हणता येईल. माझ्याच्यानं तसं म्हणवत नाही. माझी जीभ टाळ्याला चिकटली होती, म्हणून मी गप्प बसलो.

‘खाल्ल्या मिठाला तरी जागायचं होतंस,’ साहेब म्हणाले. मग त्यांनी आजूबाजूच्या माणसांकडे बघितलं. ती माणसं नुसती उभी होती, पण बरीच होती. साहेबांचा आवाज खाली आला. ‘खटला भरला तर वर मलाच जाब देत बसावं लागेल. पट्टा काढ आणि चालता हो.’ त्यांच्या ओठावर घाम होता. सरकारी माणूसही घाबरतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पट्ट्याचं बकल माझ्याच्यानं निघेना, ते शेवटी त्यांनीच काढलं.

मी घरी पोचायच्या आत गोष्ट गावात पोचली होती. ह्यानं साहेबाच्या तोंडावर सरकार उलटं केलं. एक शब्द बोलला नाही पठ्ठ्या. न्हावी आपण होऊन घरी आला आणि अंगणात बसवून माझी दाढी केली. बायांनी ओवाळलं. कपाळाला कुंकू लागलं तेव्हा मी डोळे मिटले. आता खरं सांगावं असं वाटत होतं, पण खरं सांगायलाही धीर लागतो. प्रभातफेरीत मला सगळ्यांत पुढं घातलं आणि माझ्या हातात झेंडा दिला. लाठ्या घेतलेले पोलीस वळणावर उभे होते. झेंडा टाकून पळावं असं वाटत होतं. तरी खोटं कशाला सांगू, मागून शंभर माणसांचा आवाज आला आणि झेंडा वाऱ्यानं ताणला गेला, तेव्हा माझा ऊर भरून आला. तो अभिमान खरा होता. त्यावर माझा हक्क नव्हता, एवढंच.

पोटासाठी मी मिठागरातच मजुरीला लागलो. अनवाणी, लांब दांड्याच्या फळीनं मीठ ओढत. जे पाय वाचवायला आईनं मला शाळेत घातलं, त्यांना काही महिन्यांत भेगा पडल्या. टोपली उचलायलाही शिकलो. रोज मनात एकच धास्ती असायची, की आई सुटून येईल आणि तिला सगळं सांगतील. साऱ्या गावाला मी फसवू शकत होतो. तिला कसं फसवणार?

ती सुटून आली तेव्हा मोरा बंदरावर गर्दी होती. हार झाले, जयजयकार झाला. कुणीतरी तिच्या कानाशी ओरडून माझी गोष्ट सांगितली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि फक्त मान हलवली. मग आम्ही दोघं बांधावरून घरी निघालो. ती पुढे, मी मागे. ती वाळली होती, पण चाल तीच होती. राशीची ती जागा आली तशी ती थांबली.

‘तुरुंगात नव्या बाया आल्या त्यांनी सांगितलं मना. तुजा पोर वाघ हाय बोलल्या.’

‘मग तू काय म्हणालीस, आये?’

‘काय बोलनार? गप बसले.’ तिनं माझ्या पायांकडे बघितलं, भेगांकडे. ‘मी तुला जल्मापासून वळखते. घाबरला व्हतास ना?’

इतक्या महिन्यांत मला कुणी हे विचारलं नव्हतं. मला रडू आलं. ‘व्हय,’ म्हणालो. ‘लई घाबरलो व्हतो. हात कापत व्हते. खिळा कुठं हाय तेच दिसलं न्हाय.’



‘माजा बी हात कापत व्हता,’ ती म्हणाली. ‘मीठ सांडंल म्हणून मूठ आवळून धरली. मंग कुनाला दिसलं न्हाय.’

मग ती चालू लागली, आणि मी तिच्या मागून बांधावरून घरी गेलो.