बाद झालेला नमुना

बदलापूर गावच्या अंजनीचं डोकं त्या महिन्यात सतत तापलेलं होतं. गावाखाली नदीला केमिकलचा नाला मिळतो, तिथले शिंपले केव्हाच संपले. चाळीस वर्षं ते काढून तिनं घरादाराला खाऊ घातलं होतं, म्हणून नाला बंद करा असा अर्जही तिनंच केला. प्रदूषण मंडळाचे साहेब म्हणाले, "पुरावा काय?" आता नदी उचलून यांच्या नाकाशी धरायची की काय!

शेवटी कॉलेजातला यज्ञेश मदतीला आला. शिंपला दिवसभर पाणी गाळतो, पाण्यातलं विष त्याच्या पोटात जातं, ते लॅबमध्ये तपासता येतं, असं त्यानं समजावलं. मग वरच्या स्वच्छ पाण्यातले शिंपले जाळीच्या पिशवीत भरून महिनाभर नाल्याच्या तोंडाशी टांगले. राखण अंजनीची. एकदा म्हशींनी पिशवी तुडवली, एकदा कुणाच्या तरी गळानं दोर तुटला. दोन्ही वेळा ती कंबरभर काळ्या पाण्यात उतरली आणि बाहेर येऊन अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशी बोलली.

महिना भरला तशी तिनं पिशवी घरी आणली. सकाळी यज्ञेश न्यायला आला, तर शिंपले पातेल्यात, नळाच्या पाण्यात.

"मावशी, हे काय केलंत?"

"काय म्हंजे? वाळू ओकायला ठेवलेत. तसेच कोन खातंय?"

"खायचे नव्हते हो! पोटातलं सगळं बाहेर टाकलं त्यांनी. लॅब आता घेणार नाही. नमुना बाद!"

"दोर सांगितलास, जाळी सांगितलीस, ह्ये का नाय सांगितलंस?"

यज्ञेशनं कपाळावर हात मारला. पुन्हा टांगायचे तर महिना हवा, आणि अर्जावरची सुनावणी सहा दिवसांवर. हात सवयीनं चालले आणि सगळं मुसळ केरात. अंजनी स्वतःवरच इतकी चिडली की तिला धड रडूही येईना.

शिंपले उकिरड्यावर टाकून ती पातेलं घासायला बसली. तळाशी काळा, तेलकट थर. राख झाली, चिंच झाली, तारेची घासणी झाली. डाग हलेना.

"आई, टाकून द्या ते आता," सून किर्ती म्हणाली.

अंजनीनं घासणी खाली ठेवली.

सुनावणीला साहेबांनी फायलीतून मान वर केली, तर टेबलावर पातेलं.

"हे काय?"

"बाद झालेला नमुना," अंजनी म्हणाली आणि पिशवीतून घासणी काढून पुढे ठेवली. "घासून बघा."