तीनतारी हिमनदी

स्वातंत्र्याला पाच-सात वर्षं झाली होती आणि आमच्या लग्नानंतरची ती पहिलीच थंडी. कारंज्याला शाळेमागच्या दोन खोल्यांत आम्ही राहत होतो. आमचे हे भूगोल शिकवायचे. हिमालय त्यांनी पाहिला होता तो फक्त भिंतीवरच्या नकाशात, आणि बर्फ एकदाच, अकोल्याच्या एका लग्नात, भुशात गुंडाळलेला. पण हिमनदीवर बोलायला लागले की वाटावं, आत्ताच तिकडून आंघोळ करून आलेत.

नोकरी अजून कायम झाली नव्हती. तपासणीचे साहेब येऊन पाठ बघणार आणि मग ठरवणार. यांनी नेमका हिमनदीचा पाठ निवडला. तेलाचा डबा कापून पत्र्याची पन्हळ केली. तिच्यात गुळाचा पाक ओतायचा, वर तुरीच्या दाण्यांची आडवी सरळ ओळ मांडायची आणि पन्हळ तिरपी करायची. काठाचा पाक पत्र्याला घासून मागे राहतो, मधला पुढे जातो, ओळीला बाक येतो. बर्फाचंही तसंच, म्हणे. स्वतःच्याच वजनानं तो उताराकडे सरकतो. उतार जास्त, थर जाड, ऊब जास्त, की चाल वाढते, आणि तळाशी पाणी झिरपलं तर घसरतोच. हे सगळं मी भाकरी थापताना आठ दिवस ऐकलं. परीक्षा घेतली असती तर मीही पास झाले असते.

पाक पातळ ठेव, असं त्यांनी दोनदा बजावलं होतं. पण साहेब एवढ्या लांबून येणार, बोटभर चाखल्याशिवाय राहतील का? पाणचट पाक पाहून मास्तरांच्या बायकोला काय म्हणतील? मी जीव लावून आटवला. चांगल्या तीन तारा धरल्या. निघताना त्यांनी बोट बुडवून चाटलं, माझ्याकडे पाहिलं आणि भांडं घेऊन गेले.

पाठ शाळेच्या मागच्या ओसरीत होता, आमच्या दारातून सगळं दिसे. पन्हळ तिरपी झाली, पण पाक हलेना. गारठ्यानं तो आणखीच आवळला होता. यांनी पन्हळीखाली एक वीट सरकवली, मग दुसरी. तुरीचे दाणे आपले शिस्तीत उभे. साहेबांनी घड्याळ पाहिलं. यांची नोकरी मी माझ्याच हातानं घालवली होती.

हे मात्र शांत. एरवीही असेच, मोटार सुटताना दिसली तरी भरभर पाय उचलायचे नाहीत. त्यांनी पन्हळ उन्हात नेऊन ठेवली आणि साहेबांना सांगितलं, की खरी हिमनदीही पाहणाऱ्याच्या देखत चालताना दिसत नाही, खूण करून जावं लागतं; आपण तोवर बाकीचे वर्ग पाहून यावं.

मधल्या सुट्टीत साहेब परतले. ऊन चढलं होतं. तुरीची ओळ मधोमध चांगली चार बोटं पुढे आली होती. साहेब वाकून बराच वेळ पाहत राहिले. चाखायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

महिन्याभरानं कायम झाल्याचा कागद आला. त्या दिवशी मला राहवेना. पाक मीच जास्त आटवला होता, हे मी भाकरी करता करता सांगून टाकलं.

"मले पयल्याच बोटाले समजलं होतं," ते म्हणाले.

"मंग बोलले काहून नाही?"

"तू पहाटपासून चुलीपुढं धुरात बसून होती. तुले काय पुन्हा कर म्हनू?"

तव्यावरची भाकरी उलटायची राहून गेली, करपली. त्यांनी तीही मुकाट्यानं खाल्ली.